नकलेचा नकाशा

माझं सगळं आयुष्य नकला करण्यात गेलं. असं सांगितलं की लोकांना वाटतं, बाई तमाशात होत्या की काय. तसं काही नाही. हिंगोलीला जमीन मोजणीच्या कचेरीत मी ट्रेसर होते. खाली बल्ब, त्यावर काच, काचेवर गावाचा जुना नकाशा, त्यावर पारदर्शक कागद, आणि रेघेवरून रेघ ओढायची. दिवसभर एवढंच. त्या कागदाला नक्कल म्हणतात. नक्कल तयार झाली की दुसरं कुणीतरी ती मुळाशी ताडून बघतं, त्याला रुजवात म्हणतात. रुजवात झाली की ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसतो आणि ती घेऊन माणूस आपल्या सख्ख्या भावाशी भांडायला मोकळा होतो.

हे काम मी देवपूजेसारखं केलं, आणि पूजेला बसलेली बाई जशी घरातल्या सगळ्यांवर खेकसते तशी खेकसलेही. नोकरीच्या पहिल्याच दिवशी साहेबांनी सांगितलं होतं, बाई, तुमची रेघ केसभर सरकली तर कुणाचा तरी बांध हातभर सरकतो. ते मी फारच मनावर घेतलं. टेबलाजवळ कुणी चहाचा कप आणला तरी मी अंगावर धावून जायची. कचेरीतले लोक माझ्या टेबलाला ‘चूल’ म्हणत. नक्कल मागायला कुणी आलं की शिपाई त्याला सांगायचा, चुलीपाशी जा, पण जरा लांबून बोला. हे मला ठाऊक नाही असं त्यांना वाटायचं.

हिंगोली जिल्हा व्हायच्या तीन-चार वर्षं आधीची गोष्ट. सेनगावच्या पलीकडच्या बंजाऱ्यांच्या एका तांड्यावरून एक बाबा आले. सत्तरी ओलांडलेली, डोक्याला लाल फेटा, अंगात कोपरावर विरलेला खाकी स्वेटर. तांड्यावरून सडकेला येणारी गाडीवाट कुणीतरी नांगरून टाकली होती, आणि ती वाट सरकारी कागदावर आहे की नाही हे त्यांना बघायचं होतं. मी नेहमीसारखं विचारलं, तुमच्याकडे जुना कागद काही आहे का.

“हाय की,” ते म्हणाले. “नकलेचा नकाशा हाय माज्याकडं.”

नकाशाची नक्कल म्हणायचं असेल, असं मी समजले. कचेरीत आल्यावर लोकांचे शब्द उलटसुलट होतातच. तांड्यांचे जुने कागद क्वचितच हाती लागतात, म्हणून मला आनंदही झाला. मी म्हटलं, पुढच्या बाजाराला याल तेव्हा घेऊन या.

आले ते बांबूची नळी घेऊन आले. नळीतून मांजरपाटात गुंडाळलेला कागद काढला, गुंडाळी उलगडली आणि माझ्या टेबलावर पसरला. नकाशा होता, त्यात वाद नाही. समुद्र होता, किनारा होता, गावं होती, नद्या होत्या. पण समुद्रात एक गलेलठ्ठ मासा एका गोऱ्या शिपायाची चड्डी ओढत होता. डोंगराला नाक होतं आणि त्या नाकाला सर्दी झालेली होती. एकामागून एक पाच-सहा नद्या होत्या आणि प्रत्येकीच्या काठावर तोच शिपाई आधीपेक्षा जास्त रडत बसला होता. मोठे साहेब लोक मांडीपर्यंत चिखलात रुतून बशीने चहा पीत होते. बघता बघता सगळी कचेरी माझ्या टेबलाभोवती जमली आणि हसायला लागली. मी पेटले. म्हटलं, बाबा, सरकारी कचेरीत ही कसली थट्टा?

“थट्टाच हाय बाई,” ते शांतपणे म्हणाले. “तुमी नकलेचा आना म्हनल्या, म्हनून आनला.”

तेव्हा कुठं माझ्या डोक्यात उजेड पडला. जत्रेत, लग्नात सोंगं काढून माणसांना हसवतात, त्याला आपल्याकडे नकला करणं म्हणतात. म्हणजे बाबांचं काहीच चुकलं नव्हतं. ज्या शब्दावर मी जन्मभर पोट भरत होते, तो शब्द त्यांच्याकडे वेगळ्याच कामाला होता. व्यंगचित्रांचा नकाशा असं मी पुढं लोकांना सांगत आले, पण नकलेचा नकाशा यापेक्षा नेमकं नाव मला आजपर्यंत सापडलेलं नाही.

बाबा लामावर गेले होते. लाम म्हणजे लढाई. जुनी माणसं दुसऱ्या महायुद्धाला असंच म्हणत. वाशिमच्या बाजारात भरती करणारे आले होते, त्यांनी विचारलं जनावरं कोण सांभाळतं, आणि बाबा नि त्यांचा थोरला भाऊ पुढं झाले. तांड्याच्या वाडवडिलांनी बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य वाहून मुलूख पालथा घातलेला. या दोघांना खेचरांवर दारूगोळा आणि भाकरी वाहायला इटलीच्या डोंगरात नेलं. लढाई संपत आली तेव्हा त्यांच्या फौजेतल्या एका नकाशे काढणाऱ्या गोऱ्यानं, ही सगळी मंडळी जिथं जिथं रखडली त्या जागांचा हा नकाशा काढून छापला, आणि घरी जाताना ज्याला हवा त्याला एकेक दिला. बाबांना अक्षर येत नव्हतं. चित्रावर बोट ठेवून ते सांगत होते, इथं थंडीनं बोटं बधिर झाली, इथं आठ दिवस पाऊस उघडला नाही, ह्यो सायेब लई चांगला व्हता. मी कधी नव्हे ते कामाच्या वेळेत पेन खाली ठेवला. गाडीवाट आमच्या कागदात निघाली, तिची नक्कल मी त्याच दिवशी करून दिली, आणि त्या दिवसापासून मला या नकाशांचं वेड लागलं.

वेड म्हणजे हावरटपणाच तो, दुसरं काही नाही. पेन्शन घ्यायला आलेला, खाकी पिशवी घेतलेला कुणी म्हातारा दिसला की मी विचारायची, लामावर होता का, चित्रांचा नकाशा बघितलाय का. रविवारी सकाळी एसटी धरायची आणि कुणाच्या तरी ओसरीवर जाऊन बसायचं. आमचे हे म्हणत, लोकांच्या बायका साड्या जमवतात, आमच्या घरी लढाया जमल्यात. बहुतेक ठिकाणी हात हलवत परत यावं लागे. पण काही ठिकाणी पेटीच्या तळाशी, धान्याच्या कणगीमागं, देवाच्या फोटोच्या पाठीला असा एखादा कागद निघायचा.

हट्ट्याला एक म्हातारे हवालदार होते. त्यांचा नकाशा वाळवंटाचा, त्यात उंट हुक्का ओढत बसलेला आणि सूर्यानं स्वतःच छत्री धरलेली. सुनेनं तो पिठाच्या डब्याखाली अंथरला होता, एका कोपऱ्याला तेल लागलेलं. हवालदार म्हणाले, न्या, इथं त्याला कुणी विचारत नाही. मी आनंदानं गुंडाळी करून निघाले. फाट्यावर एसटीची वाट बघत उभी होते, तर ते काठी टेकत मागून आले आणि पुन्हा एकदा उघडा म्हणाले. रस्त्याच्या कडेला उभ्या उभ्या त्यांनी तो उंट बघितला. मग म्हणाले, झालं, न्या आता. मला परत द्यावासा वाटला. पण दिला नाही, हेही लिहायलाच हवं.

हिंगोलीत हळदीच्या बाजारात अडत्याकडे बसणारे दुसरे एक लामावरचे शिपाई होते. त्यांच्याकडे ब्रह्मदेशाचा नकाशा होता. त्यात एक डास शिपायाला गादीसकट उचलून नेत होता. ते मला कागदाला हात लावू देत नसत. नक्कल तेवढी करा म्हणाले, आणि मी करत होते तोपर्यंत दोन्ही कोपरे स्वतःच्या बोटांनी दाबून बसले. मी त्यांना विचारलं, तुमचे बिल्ले कुठं आहेत? म्हणाले, कुठं तरी असतील, पोरांनी खेळून टाकले असतील. मी म्हटलं, मग हा कागदच एवढा का जपला?

“बिल्ल्यावर राजाचं तोंड हाय,” ते म्हणाले. “ह्याच्यात आमचं हाय.”

ते मला पटलं. या सगळ्या माणसांनी मला लढाई अशी कधी सांगितलीच नाही. किती मेले, कोण जिंकलं, यातलं काही नाही. ते फक्त चित्रावर बोट ठेवत आणि म्हणत, हा बघा, असंच झालं होतं. फौजेत हजारो माणसांतले एक होऊन गेलेल्यांना कुणीतरी एकदा नीट बघितलं होतं, बघून हसलं होतं, आणि ते हसणं छापून हातात दिलं होतं.

माझ्याकडे हळूहळू सहा नकाशे जमले. पण ज्याच्यामुळे हे सुरू झालं तो मात्र मिळत नव्हता. बाबा वर्षातून दोन-तीनदा हिंगोलीला आले की चुलीपाशी येऊन बसत. मी चहा मागवायची, टेबलापासून लांब. दर वेळी मी म्हणायची, बाबा, तो नकाशा मला द्या की. दर वेळी ते म्हणायचे, मी हाय तवर न्हाई. माझ्या आग्रहाखातर त्यांनी तो आणखी दोन वेळा आणून दाखवला. तेव्हा एक गोष्ट माझ्या लक्षात आली. नकाशा पसरला की त्यांचा डावा पंजा वरच्या बाजूला एकाच जागी टेकलेला असायचा. मला वाटायचं, तिथं कागद फाटला असेल, म्हातारा लपवतोय.

जिल्हा झाला, गावात नव्या कचेऱ्या आल्या, नवे साहेब आले. त्यानंतर एका हिवाळ्यात बाबा आले ते धापा टाकत. खोकला छातीत घर करून बसला होता. खुर्ची दिली तरी भिंतीला टेकून खालीच बसले. थोड्या वेळानं बांबूची नळी माझ्याकडे सरकवली आणि म्हणाले, नकाशा तुम्ही न्या, पण मला एक नक्कल करून द्या. आणि पहिल्यांदाच, कागद उलगडल्यावर, त्यांनी डावा हात मांडीवर ठेवला.

पंज्याखाली फाटलेलं काही नव्हतं. डोंगरातलं एक गाव होतं. तिथं एक खेचर ढुंगण टेकून रस्त्यात बसलं होतं आणि त्याच्या गळ्यात कवड्यांची माळ होती. शेजारी मोठ्या मिशांचा, पुढचा एक दात पडलेला हिंदुस्थानी शिपाई उभा. वर खिडकीतून एक तरणीताठी बाई अर्धी बाहेर वाकून त्याला गोल पाव देत होती. तिची चोळी पार खाली उतरलेली. शिपायाचा हात पावाकडे पोचायचाच होता. दोघांच्या डोक्यांच्या मधोमध हवेत एक बदाम काढलेला होता, पत्त्यांतला लाल बदाम असतो तसा.

तो त्यांचा थोरला भाऊ होता. सगळ्या फौजेत खेचराला कवड्या बांधणारा तो एकटाच, म्हणून चित्रवाल्याच्या नजरेत भरला होता. नकाशा छापून आला तेव्हा भाऊ नव्हता. त्याच गावाच्या वर, बर्फातल्या पायवाटेवर, खेचरासकट तो दरीत गेला होता.

मग बाबांनी मला भावजयीबद्दल सांगितलं. लग्न झालं तेव्हा ती तेरा वर्षांची होती आणि वर्षाच्या आत नवरा लामावर गेला. ती अजून तांड्यावर होती, बाबांच्या शेजारच्याच घरात. अलीकडे तिचं एकच चाललं होतं. मेल्यावर नवरा समोर आला तर मी ओळखायचं कसं, म्हणायची. तिच्या ध्यानात त्याचं तोंडच राहिलं नव्हतं. तांड्यावर तेव्हा फोटो कुठला. त्या माणसाचा चेहरा जगात एकाच ठिकाणी होता, आणि त्यावर बाबा पन्नास-पंचावन्न वर्षं पंजा ठेवून बसले होते.

“ती बाई म्हातारी व्हती,” ते म्हणाले. “आमच्या याडीच्या, म्हंजी आईच्या, वयाची. त्या चित्रवाल्यानं नक्कल केली, तिला जवान केली. पर हे भाबीला कसं सांगावं? तिनं त्याच्या नावानं जलम काढला.”

मी विचारलं, मग आता तरी का? ते म्हणाले, मी आता फार दिवसांचा नाही. माझ्यामागं ती नळी तिच्याच हाती लागणार. म्हणून कागद घरातून गेलेला बरा, पण भावाचं तोंड तिला मिळालं पाहिजे. फक्त तोंड आणि खेचर. बाई काढून टाका, खिडकी काढून टाका, तो बदाम काढून टाका.

मी नाही म्हटलं. मुळात आहे ते नकलेत नाही, असं मी कधी केलं नव्हतं. उलट हेच केलं म्हणून नव्या पोरांना मी फाडून खाल्लं होतं. बाबांनी वाद घातला नाही. खाली बघत बोलायला लागले. लामावरून ते परत आले तेव्हा नाईकानं, म्हणजे तांड्याच्या प्रमुखानं, भावजयीला विचारलं होतं की दिराच्या नावाची चादर घेतेस का, म्हणजे दिराशी लग्न लावतेस का. तांड्यात ती रीतच होती. बाबांच्या मनातही होतं. ती नाही म्हणाली. तो गेल्याचं तिला तेव्हा पटलंच नव्हतं, माझा नवरा येईल म्हणाली.

“तवा ह्यो नकाशा माज्या पेटीत व्हता,” बाबा म्हणाले. “तिला दाखवला आसता तर ती व्हय म्हनली आसती. मला बराबर ठाव व्हतं. म्हनून तर न्हाई दाखवला.”

मी नळी ठेवून घेतली. इथं खोटं लिहायचं नाही म्हणून सांगते, माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, आणि त्याच वेळी मनात कुठंतरी हेही चाललं होतं की आता सातवा माझा झाला.

नक्कल मी घरी केली. भावजयीला बारीक दिसत नव्हतं, म्हणून चौकोन आखून चित्र चौपट-पाचपट मोठं केलं, जाड पांढऱ्या कागदावर. मिशा, पडका दात, कानातली बाळी, खेचराचा हट्टी चेहरा, एकेक कवडी. चित्रवाल्यानं थट्टा केली होती खरी, पण मायेनं केली होती. मोठं करताना ते दिसत गेलं. त्या माणसाच्या डोळ्यांत भूक होती आणि लाजही होती. खिडकी वगळली, बाई वगळली, बदाम वगळला. पाव बाईच्या हातात होता, तोही गेला. शिपायाचा हात तेवढा पुढं आलेला राहिला, त्याला माझा इलाज नव्हता. शिक्का मारायचा नव्हताच, तरी खाली मोकळ्या जागेकडे बघताना मला कसंतरी झालं.

एका रविवारी मी सेनगावची एसटी धरली, पुढं जीप, त्यापुढं चालत. मूळ नकाशा पिशवीत होता. तो तांड्यावर कशाला नेला हे मला आजही नीट सांगता येत नाही. एका हातानं खरा नकाशा घ्यायचा आणि दुसऱ्या हातानं अशी वगळलेली नक्कल द्यायची, हे मला जड जात असावं. दुपार होती. अंगणात भावजय तुरीच्या शेंगा सोलत बसली होती. ठेंगणी, विटलेला घागरा, त्यावरचे आरसे बरेचसे गळून गेलेले. सगळा तांडा तिला याडी म्हणायचा, म्हणजे आई. मीही याडीच म्हटलं. बाबा बाजेवर बसून होते. त्यांनी आधीच ठरवलं होतं तसं सांगितलं, की या कचेरीतल्या बाई आहेत, यांना जुन्या कागदांत भाऊचं चित्र सापडलं. मी मान हलवली.

तिनं हात पुसले, कागद घेतला आणि उन्हाकडे तोंड करून धरला. मग एक बोट त्याच्या तोंडावर ठेवलं.

“दात ध्यानात व्हता,” ती म्हणाली. “बाकीचं समदं गेलं व्हतं.”

बोट मिशांवरून फिरलं, कानाच्या बाळीवर थांबलं, मग खेचराच्या गळ्याकडे आलं. त्या कवड्या तिच्या माहेरून आलेल्या बैलाच्या झुलीच्या होत्या. नवरा निघाला तेव्हा तिनं उसवून त्याच्या खिशात टाकल्या होत्या. हे बाबांनाही माहीत नव्हतं. त्यांनी चमकून तिच्याकडे पाहिलं. मला वाटलं झालं, पार पडलं. मी चपला घालायच्या विचारात होते. तेवढ्यात तिचं बोट खांद्यावरून हातावर आलं, हातावरून पंज्यावर आलं आणि तिथंच राहिलं.

“ह्यानं हात काहून पसरला?” तिनं विचारलं.

बाबा खोकायला लागले. मी म्हटलं, चित्र आहे याडी, काढणाऱ्यानं तसं काढलं. तिला ते पटलं नाही.

“त्यो कोनापुढं हात पसरनारा न्हाई. कोनीतरी देऊन राहिलं आसंल, म्हनून त्यानं हात केला. देनारं कुठं गेलं?”

माझ्या टेबलावर शेकडो नकलांची रुजवात झाली, पण मूळ कागद न बघता अशी रुजवात कुणी घेतलेली मी पाहिली नव्हती. मला एकदम दिसलं, मी काय केलं होतं ते. बाई काढली, बदाम काढला, आणि बर्फात खेचर हाकणाऱ्या माणसाला मी भिकारी करून ठेवलं होतं. तोंड देण्याच्या नादात त्याची अब्रू घेतली होती. मला लाज वाटली. बाबांकडे पाहिलं तर त्यांनी डोळे मिटून घेतले होते. मग त्यांनी तसेच, डोळे न उघडता, मान हलवली. मी पिशवीतून नळी काढली.

मूळ चित्र तिला नीट दिसेना, म्हणून मी बोटानं दाखवलं. ही खिडकी, ही बाई, हा तिच्या हातातला पाव. बाबांनी मग एका दमात सगळं सांगून टाकलं. ती म्हातारी होती, दोन पोरं गमावलेली होती. भाऊ खेचर घेऊन खालून गेला की खिडकी उघडायची. घरात असलं तर द्यायची, नसलं तर नुसता हात हलवायची. जवान काढली ती चित्रवाल्यानं. मी शप्पत घेतो, म्हणाले.

“शेवटल्या दिवशी भाकर दिली व्हती?” तिनं विचारलं.

“दिली व्हती. आर्धी त्यानं खाल्ली, आर्धी खच्चराला घातली. मी बघितलं.”

याडी रडली नाही. तिनं कागद मांडीवर ठेवला आणि कपाळावरचा पदर मागं सारला. इतकी वर्षं जेवायला बसलं की पहिला घास घशाशी अडायचा, असं ती म्हणाली. तो परक्या मुलखात, थंडीत, उपाशी पोटी गेला असंच ती धरून चालली होती. दिराला अनेकदा विचारलं होतं, त्यानं खाल्लं होतं का रे. दीर व्हय म्हणायचा आणि नजर चुकवायचा, म्हणून तिला कधी खरं वाटलं नव्हतं.

बाबा लहान मुलासारखे रडायला लागले. तिनं त्यांच्याकडे जरा वेळ बघितलं आणि त्या लाल आकारावर बोट ठेवून विचारलं, हे काय आहे. बाबा मान खाली घालून म्हणाले, बदाम.

“म्हातारीला बदाम?” ती म्हणाली, आणि तोंडावर पदर धरून हसली. मग मला म्हणाली, मोठ्या चित्रात तिला घाल. खिडकी घाल. तो बदामही असू दे, तिनं माझ्या माणसाला जेवू घातलंय.

मूळ नकाशा मी तिथंच ठेवून आले, हे इथंच सांगून टाकते. बाबा घ्या घ्या म्हणत होते, पण मला नको झाला. माझ्याकडे आजही सहाच आहेत. त्या दुपारी बाजेवर पाट पालथा घालून त्यावर मी मोठी नक्कल ठेवली, पिशवीतून शाईचा पेन काढला आणि हातानं अंदाजानं काढायला बसले. आधी खिडकी काढली. मग बाई काढली, तिच्या तोंडावर चार सुरकुत्या जास्तीच्या घातल्या, चोळीही वर ओढली. याडी माझ्या खांद्यावरून वाकून बघत होती, तिचा श्वास माझ्या कानाला लागत होता. पावाशी आले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं. तांड्यावर भाकरीला बाटी म्हणतात.

“बाटी जरा मोठी काढ,” ती म्हणाली.

मूळ नकाशात तो पाव हरभऱ्याएवढा होता, आणि माझ्या मापानं तो बोराएवढा यायला हवा होता. मी तो शिपायाच्या तोंडापेक्षाही मोठा काढला.